अर्जदार क्रमांक १, अर्जदार क्रमांक २

परस्पर संमतीने घटस्फोट मागणाऱ्या याचिकेत गैरअर्जदार नसतो. पहिल्या पानावर एकाखाली एक दोन नावं येतात, अर्जदार क्रमांक १ आणि अर्जदार क्रमांक २, आणि मधला ‘विरुद्ध’ हा शब्द गळालेला असतो. धंतोलीतल्या वकिलांच्या ऑफिसात तो मसुदा हातात आला तेव्हा माझी नजर आधी तिथेच गेली. त्याआधी आमच्यात दोन नोटिसांची देवाणघेवाण झाली होती आणि दोन्हींत पानोपानी ‘माझे अशील’ आणि ‘तुम्ही’ असं चाललेलं होतं. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात ही प्रक्रिया मी पहिल्या कागदापासून हुकूमनाम्याच्या नकलेपर्यंत पार केली. ज्यांना आज ती करायची आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे: कागद कसे तयार होतात, कुठे अडतात, आणि ‘चूक कुणाची’ हा प्रश्न कुठल्या कलमातून पुन्हा डोकं वर काढतो.

सुरुवात नोटिशीपासून करते, कारण बहुतेकांचं बिघडतं ते तिथेच. पुढे कोर्टात भांडण झालंच तर उपयोगी पडावी या बेतानेच वकिलांची नोटीस लिहिलेली असते. त्यामुळे घरात जे ‘तू माझ्याशी बोलतच नाहीस’ असतं, ते कागदावर ‘मानसिक छळ’ होतं. उत्तरात ‘सर्व आरोप खोटे व कपोलकल्पित’ येतं आणि सोबत तिकडच्या चार नव्या गोष्टी. दोन्हीकडचे आई-वडील ती नोटीस चष्मा लावून दोन-दोनदा वाचतात, आणि एकदा वाचलेलं त्यांच्या डोक्यातून जात नाही. वेगळं व्हायचंच ठरलं असेल आणि समोरचा बोलायला तयार असेल, तर नोटीस पाठवूच नका. संमतीच्या याचिकेला ती लागत नाही. आम्ही पाठवली, आणि तिच्यातलं एक वाक्य पुसायला पुढे वर्ष गेलं.

मारहाण, जिवाची भीती, हुंड्यासाठी छळ असेल तर यापुढचं काही लागू नाही. तिथे दोष वाटून घ्यायचा नसतो. पोलिसांत किंवा नागपूर पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये जायचं, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण मागायचं. मी लिहिते आहे ते अशा जोडप्यांसाठी, जिथे प्रेम करून लग्न केलं आणि दोघांनी मिळून ते मोडलं. अशा घरांतही ‘चारशे अठ्ठ्याण्णव लावून टाक ना बाप्पा’ म्हणणारे नातेवाईक असतातच. नवऱ्याकडून आणि सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचं, जुन्या दंड संहितेतलं ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ क्रमांकाचं झालं आहे. गुन्हा नोंदला गेला की तो दोघांच्या हातात राहत नाही. पुढे समेट झाला, तडजोड झाली, तरी तो रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वेगळा अर्ज करावा लागतो, दोघांची प्रतिज्ञापत्रं द्यावी लागतात, आणि तेवढा काळ घटस्फोटाच्या वाटाघाटीवर त्या गुन्ह्याचं सावट राहतं.

मसुद्यासाठी वकिलांकडे जाण्याआधी आम्ही एक काम केलं आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं. दोघांनी आपापल्या घरी बसून एकेक फुलस्केप कागद लिहिला. नियम तीन. फक्त स्वतः केलेलं लिहायचं. महिना आणि रक्कम टाकायची. आणि ‘कारण’ हा शब्द वापरायचा नाही, कारण तो आला की वाक्याचा उरलेला अर्धा भाग दुसऱ्याबद्दल होतो. त्याच्या कागदावरच्या दोन ओळी अशा होत्या: ‘ऑगस्टमध्ये भावासाठी चार लाखांचं पर्सनल लोन घेतलं, सांगितलं नाही. हप्ता ९,४०० जात होता, तेव्हा पगार कमी झाला असं सांगितलं.’ माझ्या कागदावर: ‘त्याचे रात्रीचे मेसेज माहेरच्या ग्रुपवर टाकले, सहा वेळा. मुलीला घेऊन आले तेव्हा परत कधी येणार ते सांगितलं नाही. दीड महिना फोन उचलला नाही.’ यातला ‘सहा’ हा आकडा लिहिणं मला सगळ्यांत जड गेलं. अंदाजाने ‘दोन-तीन वेळा’ लिहिलं होतं. फोनमध्ये मागे जाऊन मोजलं तेव्हा खोडावं लागलं.

या कागदांचा उपयोग मन हलकं करण्यापुरता नाही. कबूल केलेली प्रत्येक गोष्ट पुढे तडजोडीच्या अटींमध्ये एक कलम होऊन उतरते. कर्ज लपवल्याची कबुली अशी उतरली: ‘अर्जदार क्रमांक १ यांनी घेतलेले वैयक्तिक कर्ज ही त्यांची एकट्याची जबाबदारी राहील, अर्जदार क्रमांक २ यांचा त्याच्याशी संबंध राहणार नाही.’ मेसेज पसरवल्याची अशी: ‘दोन्ही अर्जदार एकमेकांचे संदेश, छायाचित्रे वा ध्वनिमुद्रण कोणालाही देणार नाहीत व नातेवाइकांकडे असलेले नष्ट करवून घेतील.’ फोन न उचलल्यामुळे मुलीशी रोज संध्याकाळी साडेसात ते आठ या वेळेत बोलण्याचं कलम आलं. जी चूक कुणी कबूल करत नाही ती मात्र कलमात येत नाही, ती मागणीत शिरते. मग दोन लाख जास्त मागितले जातात, किंवा शनिवारची भेट नाकारली जाते, आणि समोरच्याला कळत नाही की हे नेमकं कशाचं आहे.

एक सावधगिरी. असा हाताने लिहिलेला कबुलीचा कागद लढतीच्या खटल्यात तुमच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो. म्हणून तो दोघांचं संमतीने वेगळं व्हायचं पक्कं ठरल्यावरच लिहावा, समोरासमोर बसून वाचावा, फोटो काढू नये, आणि वाचून झाल्यावर ज्याचा कागद त्याने परत घ्यावा. याचिकेला तो जोडायचा नसतो.

आता कायदा. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, पण संमतीच्या घटस्फोटाचं कलम १३-ब त्यात १९७६ च्या दुरुस्तीने आलं. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न केलं असेल तर १९५४ च्या त्या कायद्याचं कलम २८. अटी साधारण सारख्याच: याचिका दाखल करण्याआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं, एकत्र राहणं शक्य झालेलं नसावं, आणि दोघांनी मिळून ठरवलेलं असावं. ‘वेगळं राहणं’ म्हणजे दोन पत्ते असलेच पाहिजेत असं नाही. एका छताखाली राहूनही नवरा-बायकोचं नातं संपलेलं असू शकतं, सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच ते मान्य केलं आहे. पण मग ते याचिकेत स्पष्ट लिहावं लागतं. वेगळं झाल्याची तारीख दोघांच्या प्रतिज्ञापत्रांत एकच हवी. ती नोटिशीतल्या, भाडेकराराच्या आणि पोलिसांत काही अर्ज दिला असेल तर त्यातल्या तारखेशी जुळते का, हे आधी पाहावं. आमच्या मसुद्यात दोन आठवड्यांचा फरक निघाला. मी माहेरी आले ती तारीख मी धरली होती. मी परत येणार नाही हे त्याला कळलं ती त्याने.

याचिकेत वेगळं होण्याचं कारण एका वाक्यात येतं: ‘स्वभावभिन्नतेमुळे व वैचारिक मतभेदांमुळे उभयतांना एकत्र राहणे अशक्य झाले.’ वकील हे वाक्य सगळ्यांसाठी वापरतात. पहिल्यांदा वाचताना ते पोकळ वाटतं, आठ वर्षं एवढ्यात संपली का असं होतं. त्यात भर घालायचा मोह आवरा. एक आरोप घातला की दुसरा तो खोडायला दोन घालणार, आणि न्यायाधीश विचारणार की मग ही संमती कसली? वकील दोघांत एकच चालतो, पुष्कळ जण तसं करतात. पण अटींचा मसुदा तरी दुसऱ्या वकिलाला पैसे देऊन वाचायला द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

कागदपत्रं फार लागत नाहीत. विवाह नोंदणी दाखला, लग्नाचा फोटो, पत्रिका, दोघांचं आधार आणि पॅन, मुलाचा जन्मदाखला, पासपोर्ट साइज फोटो. घोळ होतो तो नावांचा. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, आणि ते सगळीकडे एकदम बदलत नाही. आधारवर सासरचं, पॅनवर माहेरचं, बँकेत अर्धं-अर्धं. याचिकेच्या शीर्षकातच दोन्ही नावं ‘ऊर्फ’ घालून लिहून घ्या. हे चुकलं तर कोर्टात नाही, पैसे मिळतात त्या दिवशी बँकेच्या काउंटरवर कळतं.

पैशाबद्दल: सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी पोटगीच्या दाव्यांसाठी दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी जाहीर करणारं प्रतिज्ञापत्र द्यावं असा दंडक घातला. ते प्रकरण नागपूरच्याच कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेलं होतं. संमतीच्या याचिकेत पोटगीचा वाद नसतो, पण रक्कम ठरवताना तोच नमुना दोघांनी भरून एकमेकांना दिला तर भाव करावा लागत नाही. लपवलेलं कर्ज ज्या घरात एकदा निघालं आहे, तिथे आकडे उघडे टाकल्याशिवाय कुणी कुणावर विश्वास ठेवत नाही. एकरकमी रक्कम टप्प्यांत द्यावी: काही भाग पहिल्या वेळी, उरलेला शेवटच्या जबाबाच्या दिवशी कोर्टासमोर, डीडीने. डीडी तीन महिनेच चालतो. तारीख पुढे गेली, न्यायाधीश रजेवर असले, की तो बँकेतून पुन्हा मुदत वाढवून आणावा लागतो. म्हणून तारखेच्या आदल्या आठवड्यात काढावा, महिनाभर आधी नाही.

सोन्याच्या यादीला दोन रविवार द्या. लग्नात वधूला माहेरहून आणि सासरहून जे घातलं जातं ते दोन्हीही तिचं स्त्रीधन असतं. सासरचं सोनं सासरचं, हा समज चुकीचा आहे. यादी लग्नाच्या अल्बमवरून करा, आठवणीवरून करू नका. आणि वजन ग्रॅममध्येच लिहा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजचा तोळा सराफ १० ग्रॅमचा धरतात. आजीच्या काळातल्या चार तोळ्यांच्या पाटल्या म्हणजे साडेशेहेचाळीस ग्रॅमच्या वर. आज कुणी चार तोळे म्हणून चाळीस ग्रॅम लिहिले तर सहा ग्रॅमवर आणखी काही गायब, आणि ते गेले कुठे यावरून दोन घरं पुन्हा एकमेकांच्या अंगावर. मंगळसूत्राचं वजन काळे मणी धरून एक येतं, वगळून दुसरं. इतवारीतल्या सराफ्यात एका दुकानात दोघांनी सोबत जाऊन सगळं तोलून घ्यावं, ढोबळ आणि निव्वळ अशी दोन्ही वजनं चिठ्ठीवर लिहून घ्यावी, चिठ्ठीवर दोघांच्या सह्या. हीच चिठ्ठी अटींना परिशिष्ट म्हणून जोडायची. घराण्यात चालत आलेला एखादा दागिना परत द्यावासा वाटला तर जरूर द्या, पण तो ‘स्वखुशीने’ असं वेगळ्या ओळीत लिहा. आम्ही पाटल्यांचं तसंच केलं. तोलताना त्यांच्या आतल्या बाजूला झिजून पुसट झालेली सोनाराची खूण दिसली, आणि दुकानात दोघांपैकी कुणी बोललं नाही.

फ्लॅट दोघांच्या नावावर आणि गृहकर्जही दोघांचं असेल तर हे ध्यानात ठेवा: हुकूमनाम्यात ‘हप्ते क्रमांक १ भरतील’ असं लिहिल्याने बँक तुम्हाला सोडत नाही. बँक त्या तडजोडीत पक्षकार नसते. हप्ता थकला की तुमचाही सिबिल खराब होतो. एक तर कर्ज एकाच्या नावावर नव्याने बसवून हक्कसोडपत्र नोंदवायचं, नाही तर फ्लॅट विकायचा. बँकेचं पत्र हातात येईपर्यंत या कलमावर सही करू नये.

मुलाच्या कलमात लोक ‘दर शनिवार-रविवार, सुट्ट्या अर्ध्या-अर्ध्या’ लिहून मोकळे होतात. ते पुरत नाही. विदर्भातल्या राज्य मंडळाच्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. अर्धी सुट्टी म्हणजे कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत? आणायला कोण, पोचवायला कोण, किती वाजता, कुणाच्या दारात? दिवाळी एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे, हे सुचतं. महालक्ष्म्यांचे तीन दिवस सुचत नाहीत. तान्हा पोळा तर कुणालाच सुचत नाही. मुलाला लाकडी नंदी घेऊन गल्लीत फिरायचं असतं, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवायचा असतो, आणि त्याचे मित्र कुठल्या गल्लीत आहेत यावर तो दिवस कुणाकडे हे ठरायला हवं, आई-बापाच्या पाळीवर नाही. आमच्या पहिल्या मसुद्यात हे दोन्ही नव्हतं. मुलीने विचारलं तेव्हा घातलं. मुलाच्या पोटगीबद्दल एक: ‘भविष्यात काहीही मागणार नाही’ हे कलम आई स्वतःपुरतं लिहू शकते. मुलाचा हक्क तिला सोडता येत नाही. ताब्याच्या आणि भेटीच्या अटीही परिस्थिती बदलली तर कोर्टाकडून बदलून घेता येतात, त्यामुळे त्या दगडावरची रेघ समजून शेवटच्या क्षणापर्यंत ताणू नयेत.

याचिका दाखल झाली की विवाह समुपदेशकांकडे पाठवतात. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात आधी समेटाचा प्रयत्न करणं हे कोर्टाचं कर्तव्यच आहे, आणि तिथे वकील उभा करणं हा पक्षकाराचा हक्क म्हणून नसतो. त्यामुळे बोलायचं तुम्हालाच. आधी एकेकाला, मग दोघांना एकत्र बोलावतात. कुणाचा दबाव आहे का, पैसे ठरले का, मूल कुणाकडे, परत विचार करायचा का, हे विचारतात. पाठ केलेली उत्तरं देऊ नका. ‘चूक कुणाची होती?’ असं थेट कुणी विचारत नाही, पण ‘नेमकं काय झालं?’ विचारतात, आणि बरेच जण तिथे नोटिशीची भाषा बोलायला लागतात. माझ्या आधीच्या जोडप्यातली मुलगी बाहेर येऊन आईला म्हणाली, ‘तो तिथं पण मलाच बोलून राहिला होता.’ त्यांना पुढची तारीख मिळाली. ज्यांनी आपापला कागद आधी लिहिलेला असतो त्यांना पाच वाक्यांत सांगता येतं.

त्यानंतर सहा महिने. ते याचिका दाखल झाल्याच्या तारखेपासून मोजायचे, समुपदेशनापासून नाही. सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी मिळून पुन्हा कोर्टाला सांगायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०१७ च्या निकालात हा काळ माफ करता येतो असं ठरवलं, पण अटी आहेत: याचिकेआधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न थकलेले असावेत, पोटगी आणि मुलाचा प्रश्न खरोखर मिटलेला असावा, आणि थांबण्याने फक्त त्रास वाढणार असावा. दाखल केल्यानंतर आठवड्याभराने तसा अर्ज देता येतो, कारणं लिहून. मिळेलच असं नाही.

या सहा महिन्यांत सगळ्यांत जास्त प्रकरणं फिसकटतात, कारण हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. एखाद्या लग्नात दोन्ही घरचे समोरासमोर येतात, जुनं वाक्य निघतं, आणि दुसऱ्या दिवशी वकिलांना फोन जातो. आम्ही ठरवलं होतं की या काळात पैसे आणि मुलगी सोडून काही बोलायचं नाही, आणि तेही लेखी. चौथ्या महिन्यात माझ्याकडून ते मोडलं. त्याने दोन दिवस उत्तर दिलं नाही, मग फक्त शनिवारची वेळ कळवली. त्याने फोन करून उत्तर दिलं असतं तर पुढचं सांगता येत नाही.

शेवटच्या तारखेला सकाळी अकराच्या आत पोचा, बोर्डावर आपला क्रमांक पाहा. मूळ ओळखपत्रं, डीडी आणि त्याची झेरॉक्स, सोनं मिळाल्याची दोघांच्या सह्यांची पुरसिस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, जवळ ठेवा. एक जण पुण्यात किंवा परदेशात नोकरीला असेल तर व्हिडिओद्वारे हजर राहण्याचा अर्ज आधीच द्या, रात्रभराचा प्रवास वाचतो. न्यायाधीश दोघांना विचारतात: सही तुमची का, अटी वाचल्या का, स्वखुशीने का. उत्तर दोघांचं एकच, ‘हो’. दहा मिनिटं लागत नाहीत.

संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसतं. नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाका, प्रमाणित प्रती दोन-तीन घ्या, कारण पासपोर्टला, बँकेला, सोसायटीला प्रत्येक ठिकाणी मागतात. घरी आणून प्रत्येक नाव, प्रत्येक आकडा ताडून पाहा. टंकनाची चूक लगेच अर्ज देऊन दुरुस्त होते, पाच वर्षांनी शोधावी लागते. मग भविष्य निर्वाह निधी, विमा, म्युच्युअल फंड, सगळीकडचे वारस-नामनिर्देशन बदला. हुकूमनाम्याने ती आपोआप बदलत नाहीत. शाळेत मुलाला घ्यायला येणाऱ्यांच्या कार्डावर मात्र दोघांची नावं राहू द्या. लॉकर आणि जॉइंट खातं बंद करताना क्रम चुकवू नका: आधी लॉकर, मग खातं, कारण लॉकरची अनामत त्याच खात्यात परत येते. दोन्हींना दोघांच्या सह्या लागतात, आणि त्या बँकेत लग्नानंतर केल्या होत्या तशाच कराव्या लागतात.